हलगी नसलेली कॅसेट

त्या कॅसेटबद्दल कुणी चांगलं बोललेलं मी आजवर ऐकलेलं नाही. त्या गायकाच्या चाहत्यांत विषय निघाला की लोक पहिल्या दोन कॅसेटींवर तासभर बोलतात, कुठल्या गाण्यात हलगी कशी कडाडते ते मांडीवर वाजवून दाखवतात, आणि तिसरीचा विषय आला की ‘ती जाऊ दे’ म्हणून चहा मागवतात. मी ती तिसरी अजून जपून ठेवली आहे. त्या माणसाने आयुष्यात केलेलं ते सगळ्यांत चांगलं काम होतं असं माझं मत आहे. हे मी ठासून सांगते, कारण तेव्हा असं सांगणारं कुणी पुढे आलं नाही.

तो आमच्याच भागातला, साताऱ्याकडचा. स्वतः लिहायचा, स्वतः चाल लावायचा आणि स्वतःच गायचा. घाऊक बाजार मुंबईतून वाशीला आला तेव्हाच्या सभांमध्ये तो टेम्पोच्या फाळक्यावर उभा राहून गायचा, आणि खाली पोती वाहणारी आमची माणसं खांद्यावरची फडकी हवेत फिरवायची. माझे वडील त्यांतलेच एक. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा माथाडी कामगार होते, दाणा मार्केटात. आम्ही कोपरखैरण्याला माथाडींच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. घरात एक टू-इन-वन होता, आणि रविवारी मार्केट बंद असलं की अण्णा गॅलरीत आरसा टांगून दाढी करताना त्याची गाणी लावायचे. आवाज एवढा की खालच्या मजल्यावरच्या लोकांना वेगळी कॅसेट घ्यायची गरज पडली नसती.

आईला ती गाणी मुळीच चालायची नाहीत. ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. ‘भांडान ऐकल्यागत वाटतंय,’ एवढंच म्हणायची. अण्णांना वाटायचं, बायकांना यातलं काय कळतंय. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. तिला यातलं सगळ्यांत जास्त कळत होतं हे मला फार उशिरा समजलं. ज्या दिवसांत ती गाणी रस्त्यावर गायली जात होती, त्या दिवसांत अण्णा मोर्चाला जायचे आणि ती आम्हाला घेऊन खोलीत बसायची. एकदा ते डोक्याला पट्टी बांधून, रक्ताळलेला सदरा काखेत मारून घरी आले होते. हलगी वाजली की अण्णांना फडकी आठवायची आणि तिला तो सदरा. दोघांनी हे एकमेकांना कधी सांगितलं नाही. आमच्या घरात असलं काही सांगायची पद्धतच नव्हती. भाजीत मीठ कमी पडलं तरी अण्णा न बोलता मिठाचा डबा पुढे ओढायचे.

तिसरी कॅसेट आली तेव्हा मी वाशीला कॉलेजात होते. अण्णांनी ती मिळाल्या संध्याकाळी चार मित्रांना घरी बोलावलं. आईने चहा टाकला. कव्हर बघूनच एकाने नाक मुरडलं होतं. आधीच्या दोन कव्हरांवर वळलेली मूठ होती. इथे एक पडवी, एक रिकामी बाज आणि दोरीवर वाळत घातलेली वाकळ. अण्णांनी बटण दाबलं. पेटीचा एक सूर निघाला आणि निघतच राहिला, मग बासरी, मग तो. बारीक आवाजात, जवळ बसून बोलावं तसा. पाचही जण पुढे सरकून हलगीची वाट बघत होते. ‘आता सुरू हुईल,’ एक जण म्हणाला. पहिलं गाणं संपलं, दुसरं लागलं. ‘आता बघा, आता.’ असं करत एक अख्खी बाजू संपली आणि खट्कन बटण वर आलं.

‘आजारी हाय काय त्यो?’ एकाने विचारलं.

कुणी हसलं नाही. अण्णांचा चेहरा पडला होता. इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडलो त्याने ऐन वेळी मान खाली घातली, असं काहीतरी त्यांना वाटलं असणार. मित्र गेल्यावर त्यांनी कॅसेट माझ्या हातात दिली. ‘तुझ्या कॉलेजचं काय भरून घ्यायचं असंल तर घे हिच्यावर,’ म्हणाले.

मी भरून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती एकटीने ऐकली आणि मग रोज ऐकायला लागले. आता त्या गाण्यांबद्दल सांगायचं तर सगळीच काही उत्तम नव्हती. पहिल्या बाजूचं तिसरं गाणं साफ फसलंय. कुणीतरी त्याच्या मागे कीबोर्ड आणून ठेवला आहे आणि चार मुली उगाच ‘हो हो’ करतात. ते लागलं की मी अजूनही पुढे पळवते. पण बाकीची ऐका. एक गाणं आहे, मुलीसाठी जत्रेत बांगड्या घेणाऱ्या बापाचं. मुलीच्या हाताचं माप त्याला माहीत नाही, म्हणून तो दुकानातल्या परक्या मुलींचे हात बघत उभा राहतो आणि दुकानदार त्याला हाकलतो. एक आहे पोती वाहून खांद्यावर पडलेल्या घट्ट्याचं. याच विषयावर त्याने दुसऱ्या कॅसेटीत मालकांना शिव्या घालणारं गाणं केलं होतं. इथे शिवी नाही. इथे बायको रात्री त्या घट्ट्याला तेल लावते आणि दोघं गावाकडच्या म्हशीविषयी बोलतात, बस्स. मला विचाराल तर मालकाला लाज वाटली असती तर या बिनशिवीच्या गाण्यानेच वाटली असती. लोक म्हणाले, तो मवाळ झाला. मी म्हणते, त्याला पहिल्यांदाच ओरडायची गरज पडली नाही.

आणि दुसऱ्या बाजूला ते पाण्याचं गाणं. गावाकडची एक बाई नव्या बिल्डिंगीत राहायला येते. घरातच नळ आहे. पाणी शेंदायला नको, हंडे वाहायला नको, सगळे तिला नशीबवान म्हणतात. तीही म्हणते. फक्त आता विहिरीवर जाणं नाही, म्हणजे घराबाहेर पडायला कारणच नाही, आणि मनातलं बोलायला कुणी नाही. ‘नळाला धार आली बाई, विहिरीची वाट मोडली,’ असं ते धृपद. तक्रार नाही, रडगाणं नाही. ती नळ सोडते आणि त्या धारेशीच बोलत बसते, तिथे गाणं संपतं.

एका दुपारी आई तांदूळ निवडत बसली होती आणि हे गाणं लागलं. तिचा हात सुपात थांबला.

‘ह्यो कोण गं?’

मी सांगितलं.

‘त्यो? त्यो वरडणारा?’ तिचा विश्वास बसेना. मी तिला कव्हरची मागची बाजू दाखवली. तिने त्याचा फोटो निरखून पाहिला, जणू दोन सारख्या तोंडाच्या माणसांत माझी गफलत झाली असावी. मग म्हणाली, ‘परत लाव की.’

त्यानंतर दुपारची जेवणं आटोपली की ती पदराला हात पुसत यायची आणि ‘पाण्याचं लाव’ म्हणायची. गाणं चालू असताना ती काही बोलायची नाही. संपल्यावर बोलायची. तिच्या माहेरच्या विहिरीवर कोण कोण असायचं, कुणाची सासू कशी होती, कुणी पोहऱ्यात कैऱ्या लपवून आणल्या होत्या. तोवर मला वाटायचं माझी आई मुळातच कमी बोलते. तसं काही नव्हतं. कोपरखैरण्याला तिला बोलण्याजोगी जागा नव्हती, इतकंच.

त्याच वर्षी आमच्या बिल्डिंगींच्या मंडळाने वार्षिक सत्यनारायणाच्या पूजेला त्याचा कार्यक्रम ठरवला. आमच्याकडे पूजेचं सगळं ठरलेलं असायचं. सकाळी पूजा, दुपारी बायकांचं हळदीकुंकू, संध्याकाळी कार्यक्रम. कार्यक्रमात ज्याला जे गाणं ऐकायचं असेल त्याने बक्षीस लावायचं. मग माइकवरून ‘अमुक यांच्याकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून’ असं पुकारलं जायचं आणि गायक ते गाणं म्हणायचा. बक्षीस लावायचं ते पुरुषांनी. बाईच्या नावाने फर्माईश गेलेली मी कधी बघितली नाही. आई तर कार्यक्रमाला खाली उतरायचीच नाही, फार तर गॅलरीतून बघायची.

पण या वेळी तिने ठेवणीतलं इरकली लुगडं काढून उन्हाला टाकलं. मी काय ते ओळखलं. त्या रात्री जेवताना आई आत गेल्यावर मी अण्णांना म्हटलं, ‘अण्णा, आईला त्या नव्या कॅसेटमधलं पाण्याचं गाणं लय आवडतं. ते म्हणायला सांगा ना त्यांना.’

अण्णांचा घास हातातच राहिला. ‘तुझ्या आईला? त्याचं गाणं?’ मग ते असे हसले की मला वाटलं आतून आई येईल. इतकी वर्षं जे त्यांना जमलं नव्हतं ते आपोआप झालं होतं. त्यांच्या गायकाचा कार्यक्रम ऐकायला त्यांची बायको येणार होती. ‘सांगतो की,’ म्हणाले. ‘मीच तर जाणार हाय त्याला आणायला. टेन्शनच घिऊ नगं.’

पूजेच्या दिवशी अण्णांनी नवा सदरा घातला आणि स्टेशनवरून त्याला रिक्षाने घेऊन आले. तळमजल्यावर मंडळाची खोली होती, तिथे त्याला बसवलं. चहा आणि पोहे घेऊन मी गेले. जवळून बघितला तर तो फार थकलेला दिसत होता. गळ्याला मफलर, बाजूला पेटी. कमिटीचे सगळे भिंतीला टेकून बसले होते. तो अण्णांकडे बघून म्हणाला, ‘एक विचारू का? आज शेवटाला दोन नवी म्हणू काय? बसून, पेटीवर. कुणी म्हणूच देत न्हाईत.’

इतकं हळू विचारलं त्याने. एवढा मोठा गायक, आणि परवानगी मागत होता.

 एकाने जमिनीकडे पाहिलं, एक जण पंख्याकडे बघायला लागला. शेवटी कुणीतरी म्हणालं, ‘नव्यात काय मजा न्हाई ओ.’ आणि मग सगळ्यांनी अण्णांकडे मान वळवली. ते वयाने मोठे होते, शिवाय त्याचे सगळ्यांत जुने चाहते म्हणून त्यांचाच शब्द चालणार होता. मीही ट्रे धरून त्यांच्याकडेच बघत होते. मला खात्री होती. आता ते ‘व्हय, म्हणा की’ म्हणतील आणि वर जाऊन आईला सांगायचंही काम उरणार नाही, ती आपोआप ऐकेल.

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर ट्रेवर नेली.

‘जुनीच म्हना,’ ते म्हणाले. ‘लोक त्याच्यासाठीच आल्यात.’

त्यांना काय झालं हे मला तेव्हाही कळलं होतं. त्या खोलीत पोती वाहणारी माणसं बसली होती. तिथे बायकोला आवडतं म्हणून एक हळवं गाणं मागायचं, म्हणजे मग वर्षभर मार्केटात पाठीवर पोतं घेताना चेष्टा ऐकायची. अण्णा मोर्चात लाठीला घाबरले नव्हते. या चारचौघांच्या हसण्याला घाबरले. मला त्यांचा इतका राग आला की कपबशा गोळा करताना एक बशी फुटली, आणि त्यावर मात्र सगळे खोटं खोटं हसले. तो हसला नाही. त्याने मफलर सोडला आणि पेटी कोपऱ्यात सरकवली.

आई बायकांच्या बाजूला अगदी पुढे बसली होती. कार्यक्रम जोरात झाला. हलगी कडाडली, फडकी फिरली, एकेक गाणं दोन-दोनदा झालं. प्रत्येक गाणं संपलं की आई जरा ताठ व्हायची आणि पुढचं सुरू झालं की पुन्हा सैल बसायची. मी तिच्याकडे बघणं टाळत होते. मध्येच माइकवरून अण्णांचं नाव पुकारलं गेलं. ‘यांच्याकडून आणि त्यांच्या सौभाग्यवतींकडून खास फर्माईश’ म्हणून, आणि गाणं कुठलं, तर मोर्चाचं. सगळ्यांत तापलेलं. ज्याला ती दार लोटून घ्यायची तेच. शेजारच्या बायका कौतुकाने तिच्याकडे वळून हसल्या. एकीने तिला कोपराने ढोसलं. आईने पदर सारखा केला आणि समोर बघत राहिली.

अण्णांना त्यातही तिला मान द्यायचा होता, हे त्यांनी मला पुढे सांगितलं. तिचं गाणं देता आलं नाही, तर निदान तिचं नाव तरी माइकवरून यावं. असं कसं वाटू शकतं माणसाला, मला अजून समजलेलं नाही.

ती शेवटपर्यंत बसली. त्याने हात जोडले, माइक बंद झाला, माणसं उठली, तरी ती क्षणभर बसून होती. मग उठून तिने सतरंजीची धूळ लुगड्यावरून झटकली. घरी आल्यावर तिने अण्णांना पान वाढलं.

‘कसा झाला कार्यक्रम?’ अण्णांनी विचारलं.

‘चांगला झाला,’ ती म्हणाली.

त्यानंतर तिने मला कॅसेट लावायला सांगितलं नाही. मी लावली तर ‘ऱ्हाऊ दे, तुझा अभ्यास कर’ म्हणायची. पुढच्या रविवारी दाढी करायच्या वेळी अण्णांनी स्वतः ती कॅसेट शोधून काढली. पुढे-मागे करत पाण्याचं गाणं आणलं आणि आवाज वाढवून स्वयंपाकघराकडे बघत उभे राहिले. अर्ध्या गालाला साबण तसाच. आई बाहेर आली आणि म्हणाली, ‘डोकं दुखतंय माजं. बंद करा.’ त्यांनी बंद केलं. पुढचे काही रविवार त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. कधी तिला गॅलरीत कपडे वाळत घालायचे असायचे, कधी शेजारी जायचं असायचं. मग त्यांनी लावणं सोडलं. रविवारची दाढी आता शांततेत व्हायची. जुनी गाणीही बंद झाली.

कॅसेट खपली नाही. वाशीच्या दुकानात तिचा गठ्ठा बरेच दिवस खालच्या फळीवर पडून होता. पुढे त्याची चौथी आली, तीत हलगी होती, मूठ होती, आणि आवाज पार बसलेला होता. लोकांना काही फरक पडला नाही. मी ती एकदाच ऐकली. ज्या आवाजात त्याला खरं काही सांगायचं होतं तो आम्हीच त्याच्याकडून काढून घेतला, असं मला वाटतं. ‘आम्ही’ म्हणजे कुणी मालक किंवा सरकार नाही, त्याच्यावर जीव टाकणारी माणसं. मला त्याचं फार वाईट वाटतं. अजून अशा पाच-सहा कॅसेटी तो करू शकला असता.

मी कॉलेज संपवून रबाळ्याला एका कंपनीच्या ऑफिसात लागले होते, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी लाईट गेल्यामुळे आम्हाला लवकर सोडलं. मी बिल्डिंगीत शिरले, तर पहिल्या मजल्यावरच्या वळणावर अण्णा पायरीवर बसले होते. घामाने भिजलेला सदरा, फडकं मांडीवर, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. मला वाटलं त्यांना चक्कर आली. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

वर आमच्या दाराआडून आईचा आवाज येत होता. ती भांडी घासता घासता गात होती. पाण्याचं गाणं. सूर जरा वर जायचा, मग खाली यायचा. एक कडवं ती विसरली होती, आणि त्या जागी तिने आपल्या माहेरच्या विहिरीवरच्या बायकांची नावं घातली होती, एकेकीचं नाव घेऊन. मधूनच नळ सोडायची, बंद करायची. ती इतकं मोकळं गाते हे मला माहीतच नव्हतं.

‘वर चला ना,’ मी कुजबुजले.

अण्णांनी मान हलवली. ‘कडी वाजली की थांबती ती.’

 ‘रोज बसता इथे?’

‘वेळेवर सुटलो तर,’ ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ‘सगळं म्हनती ती. एक कडवं सोडत न्हाई.’

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरच्या एक बाई पिशव्या घेऊन आल्या. आम्ही दोघांनी पाय जवळ घेऊन त्यांना वाट दिली. त्यांनी काही विचारलं नाही, म्हणजे त्यांना हे नवीन नसणार. गाणं संपलं. अण्णा तसेच बसून राहिले. ती दुसरं काही म्हणते का याची ते वाट बघत होते. भांडी पालथी घातल्याचा आवाज आला, मग काही नाही.

तेव्हा ते उठले, चपला पायात घातल्या, मोठ्याने खाकरले आणि आत्ताच खालून येत असल्यासारखे पाय आपटत जिना चढायला लागले. मी मागोमाग. त्यांनी कडी वाजवली. आईने दार उघडलं.

‘आज उशीर केलासा,’ ती म्हणाली.

‘व्हय,’ अण्णा म्हणाले. ‘ट्रक उशिरा लागला.’